भरती अकॅडम्यांच्या सरांना खुले पत्र : पोरांना नर्सिंग असिस्टंटही दाखवा

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत सैन्य-पोलीस भरतीच्या अकॅडम्या चालवणारे सर्व संचालक आणि प्रशिक्षक सर,

सप्रेम नमस्कार.

पहाटे अमळनेरहून पारोळ्याच्या रस्त्याला लागा, नाहीतर शिरपूरहून शहाद्याकडे निघा, अंधारात तुमची पोरं धावताना दिसतातच. पुढे शिट्टी, मागे मोटारसायकलवर सर, हातात स्टॉपवॉच. बहुतेक पोरं कोरडवाहू कपाशीवर जगणाऱ्या घरांतली. त्यांच्या घरात पहिला पक्का पगार येतो तो तुमच्या मेहनतीमुळे. तुमच्यातले बरेच जण स्वतः उमेदीची वर्षं वर्दीत काढून आलेले आहेत आणि पेन्शनवर घरी बसण्याऐवजी गावोगावची पोरं घडवत आहेत. म्हणूनच हे पत्र मंत्र्यांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. शूर कोणाला म्हणायचं, हे खेड्यातलं पोरगं भाषणं ऐकून ठरवत नाही. ते तुमच्या मैदानावर शिकतं.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. बारावी सायन्सची काही मुलं नीटमध्ये मागे पडली की दरवर्षी तुमच्याकडे येतात. तुमच्या फ्लेक्सवर जीडी (जनरल ड्युटी, म्हणजे लढणारा साधा जवान), ट्रेड्समन, क्लार्क, टेक्निकल ही नावं मोठ्या अक्षरांत असतात. नर्सिंग असिस्टंट हे नाव असलंच तर अगदी खाली, मोबाईल नंबरच्या वर कुठेतरी. हा नर्सिंग असिस्टंट करतो काय, असं मी मुलांना विचारते तेव्हा उत्तर ठरलेलं असतं : "मॅडम, तो मिलिटरीच्या दवाखान्यात गोळ्या-इंजेक्शन देतो." उंची-छाती बसणारा पोरगा त्या जागेकडे बघतही नाही. ज्याला बंदूक झेपणार नाही त्याच्यासाठी ती सोय आहे, असा समज पसरला आहे. हा समज खोटा आहे, आणि तो मोडायची ताकद आमच्यापेक्षा तुमच्यात जास्त आहे.

एका गावातलं सांगते. गावाचं नाव नको. एकाच वर्षी तिथली दोन पोरं भरती झाली, एक इन्फन्ट्रीत आणि दुसरा आर्मी मेडिकल कोअरमध्ये. ट्रेनिंग संपवून दोघं सुट्टीवर आले. पहिल्याची उघड्या जीपवरून मिरवणूक निघाली, डीजे लागला, चौकाचौकात औक्षण झालं. दुसऱ्याला ग्रामपंचायतीसमोर नारळ आणि टोपी मिळाली. त्याच्या आईला ओट्यावरच्या बायकांनी विचारलं, "त्यानाजोडे बंदूक ऱ्हास का नही?" म्हणजे, त्याच्याजवळ बंदूक असते की नाही? तिला सांगता आलं नाही. तो दुसरा पोरगा माझा विद्यार्थी. पुढे तो नियंत्रण रेषेवरच्या अशा पोस्टवर राहिला, जिथे डॉक्टर नव्हता, हिवाळ्यात वाट बंद व्हायची आणि ताप, हिमदंश, गोळीची जखम यातलं काहीही झालं तरी सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळायच्या. त्याच्याकडे बंदूकही होती. जखमी माणसाच्या आणि स्वतःच्या बचावासाठी हत्यार बाळगायला जिनिव्हा करारही आडवा येत नाही.

तुमच्यातल्या माजी सैनिकांना यातलं बरंच ठाऊक आहे, पण पोरांना नाही, म्हणून लिहिते. सुमारे ८०० जवानांच्या पलटणीला डॉक्टर असतो एक, आरएमओ. त्याची मदत चौकी, म्हणजे आरएपी, शक्य तेवढी पुढे असली तरी चढाई करणाऱ्या तुकडीच्या मागेच असते. पुढे तुकडीबरोबर चालतो तो नर्सिंग असिस्टंट, नाहीतर पलटणीतलाच बॅटलफील्ड नर्सिंग असिस्टंटचं शिक्षण घेतलेला जवान. गोळी लागली की जखमेवर पहिला हात पडतो तो याचा.

आणि तो पहिला हातच बहुतेक वेळा सगळं ठरवतो. माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. मांडीतली फिमोरल धमनी तुटली तर काही मिनिटांत खेळ संपतो. अमेरिकन लष्कराच्या डॉक्टरांनी २००१ ते २०११ या काळातल्या आपल्या सुमारे ४६०० रणांगणावरच्या मृत्यूंची एकेक करून छाननी केली. दवाखान्यात पोचण्याआधीच गेलेल्यांतले जवळजवळ चौथ्या हिश्श्याचे जवान वाचू शकले असते असं त्यांना आढळलं, आणि त्या वाचू शकणाऱ्यांत दहापैकी नऊ जण निव्वळ रक्तस्रावाने गेले होते. सर्जन कितीही निष्णात असो, हेलिकॉप्टर कितीही वेगाने येवो, तोवर रक्त अंगात राहायला हवं. ते अंगात ठेवण्याचं काम ज्याच्याकडे, तो दवाखान्यात बसून गोळ्या वाटणारा माणूस नव्हे.

मागे तो विद्यार्थी सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला वर्गात बोलावलं. त्याने पिशवीतून एक काळा पट्टा काढला, रुंद, वेल्क्रोचा, मधोमध बोटाएवढी दांडी. टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवण्यासाठी आवळायचा पट्टा. एका मुलाला टेबलावर झोपवलं. एका मुलीला सांगितलं, त्याच्या पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेव आणि नाडी सापडली की सांग. ही नाडी मी कितीतरी वर्षं फळ्यावर शिकवत आले आहे. तिला सापडली. मग त्याने पट्टा मांडीत वर चढवला, करकचून ओढला आणि दांडी पिळायला लागला. एक पीळ, दुसरा, तिसरा. मुलाने ओठ दाताखाली धरला. "दुखणारच," तो म्हणाला, "दुखत नसेल तर बसलेलाच नाही." मुलगी म्हणाली, "बंद झाली." त्याने दांडी खाचेत अडकवली, खिशातून मार्कर काढून पट्ट्यावर वेळ लिहिली आणि लगेच सोडवलंही. सराव होता म्हणून सोडवलं. खऱ्या जखमेवर एकदा बांधलं की डॉक्टर म्हणेपर्यंत सैल करायचं नाही, हे त्याने दोनदा बजावलं. वेळ लिहायची ती पुढच्या डॉक्टरसाठी, कारण साधारण दोन तासांपर्यंत पाय धोक्याबाहेर मानतात, त्यापुढे हिशेब बदलतो.

मग त्याने एकीची ओढणी मागून स्वतःचे डोळे बांधले आणि तोच पट्टा एका हाताने स्वतःच्या मांडीवर चढवून दाखवला. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. "रात्री टॉर्च लावला की गोळी येते," तो एवढंच म्हणाला. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "सर, भीती वाटते का?" "वाटते ना. म्हणून तर रोज सराव करतो." कुठली पोस्ट, कधीची चकमक, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सर, आता धैर्याविषयी. आपल्या पोरांना वाटतं, शूर मेडिक (जखमींना सांभाळणारा जवान) म्हणजे गोळ्यांच्या पावसात बेधडक धावत सुटणारा. त्याचं शिक्षण याच्या उलट असतं. मारा चालू असताना पहिलं काम शत्रूचा मारा दाबायचं. जखमी शुद्धीवर असेल तर त्याला ओरडून सांगायचं : आडोशाला सरक, स्वतःचा पट्टा स्वतः बांध. मेडिक पडला तर त्या दिवशी पडणाऱ्या पुढच्या सगळ्यांचा आधार जातो, म्हणून त्याने विनाकारण मरायचं नसतं. मित्र वीस पावलांवर विव्हळतो आहे, आणि याने खडकामागे थांबून संधी बघायची. शत्रू कधीकधी जखमीला मुद्दाम जिवंत ठेवतो, कारण त्याला उचलायला दुसरा कोणीतरी येणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. समोर सापळा आहे हे मेडिकलाही कळतं. कव्हर फायर, म्हणजे शत्रूला दाबून ठेवणारा आपला गोळीबार, सुरू झालं की तो जातोच, पोटावर सरपटत. गोळीबार चालू असेपर्यंत उपचार एकच, वाहता हातपाय आवळायचा. सलाईन नाही, बँडेज नाही. मग जखमीच्या पोशाखाला धरून त्याला फरपटत आडोशाला आणायचं. तिथे आल्यावर श्वासाची वाट मोकळी आहे का, छातीच्या भोकातून हवा शिरते आहे का, हे पाहायचं, आणि उन्हाळा असला तरी अंगावर पांघरूण टाकायचं, कारण रक्त गेलेला माणूस गार पडतो आणि गार पडलेल्याचं रक्त नीट गोठत नाही.

बंदूकधारी जवानावर गोळी आली तर तो उलट गोळी झाडतो. झाडण्याने माणसाला धीर येतो, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही आणि मी तुम्हाला. जखमेवर वाकलेल्याचे मात्र दोन्ही हात दुसऱ्याच्या रक्तात असतात, रायफल पाठीवर असते आणि पाठ बहुधा शत्रूकडे. त्या दीड-दोन मिनिटांत स्वतःच्या जिवासाठी त्याला काहीही करता येत नाही. हे जाणून जो हात थरथरू देत नाही, त्याच्या छातीचं माप कोणत्या टेपने घ्यायचं?

१९४९ च्या जिनिव्हा करारानुसार वैद्यकीय माणसावर हल्ला करणं हा गुन्हा आहे. कागदावर. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातल्या बेटांवर अमेरिकन मेडिकनी दंडावरची रेडक्रॉसची पट्टी काढून टाकली, कारण जपानी नेमबाज तीच पट्टी हेरून गोळी मारायचे. दहशतवाद्यांशी लढताना तर अशा खुणेचा मान राखला जाईल ही आशाच नको. त्या बेटांपैकी ओकिनावावर मे १९४५ मध्ये डेस्मंड डॉस नावाचा मेडिक होता. धर्मश्रद्धेमुळे त्याने रायफलला कधी हात लावला नाही आणि त्यावरून पलटणीत त्याचा खूप छळ झाला. सोबती कड्यावरून मागे हटले तेव्हा तो वरच थांबला आणि एकेका जखमीला दोराने बांधून खाली सोडत राहिला. ज्या दुहेरी फासाच्या गाठीने त्याने माणसं सोडली ती गाठ त्याला प्रशिक्षणात सापडली होती. सन्मानपत्रात वाचवलेल्यांचा आकडा ७५ आहे. त्याला अमेरिकेचं सर्वोच्च पदक मिळालं.

व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. ते दोनदा मिळवणारे आजवर तिघेच झाले आणि त्यातले दोघे लष्करी डॉक्टर होते. त्यातला एक, आर्थर मार्टिन-लीक, दोन युद्धांच्या मधली वर्षं आपल्याकडे बंगाल-नागपूर रेल्वेचा मुख्य वैद्यकीय अधिकारी होता. दुसरा नोएल शव्हास. तो १९१७ साली बेल्जियममध्ये डोक्याला जखम झालेली असतानाही पुन्हा पुन्हा जखमींना शोधायला बाहेर पडला आणि शेवटी पोटातल्या जखमेने गेला. ज्या देशांनी मोठी युद्धं लढली त्यांना शौर्य मोजताना हे हात दिसले. आपल्या गावच्या ओट्यावर मात्र अजून "बंदूक ऱ्हास का नही" एवढंच विचारलं जातं.

आणि आपली परंपरा काय कमी आहे? बोअर युद्धात १८९९-१९०० साली गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत भारतीयांचं शुश्रूषा पथक उभं केलं, सुमारे ११०० माणसांचं. त्यातले बहुतेक गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले मजूर. गोळीबाराच्या टप्प्यात त्यांना न्यायचं नाही अशी अट होती, पण स्पिऑन कॉपच्या लढाईत गरज पडली तेव्हा ते आपणहून त्या टप्प्यात गेले, आणि डोलीत घातलेल्या जखमींना घेऊन कधीकधी दिवसाला २० ते २५ मैल चालले. धडगाव-अक्कलकुव्याच्या वाचकांना हे वेगळं समजावायला नको. सातपुड्याच्या पाड्यांवरून बाळंतीण किंवा आजारी माणूस बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवणारे खांदे तिथे आजही आहेत. माणूस उचलून न्यायचं कसब आणि ताकद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तुमच्या अकॅडमीत येणारा पावरा किंवा भिल्ल पोरगा या कामात कोणालाही मागे टाकेल.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस शाळेच्या पुस्तकांमुळे सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून त्यांच्यावर जास्त लिहीत नाही. पण ६० पॅरा फील्ड अँब्युलन्स हे नाव तुमच्या किती विद्यार्थ्यांनी ऐकलं असेल? १९५० च्या नोव्हेंबरात लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली सुमारे साडेतीनशे जणांची ही तुकडी कोरियाच्या युद्धात गेली. भारताने तिथे लढणारी फौज पाठवली नव्हती, जखमा बांधणारी पाठवली होती. पोचताच चिनी सैन्याचा लोंढा आला, सगळ्यांना माघारीचा हुकूम सुटला, आणि औषधं-उपकरणं न्यायला गाड्या नव्हत्या. सामान टाकून निघा, असं सांगणं सोपं होतं. यांनी स्टेशनात पडलेलं एक वाफेचं इंजिन शोधलं. इंजिन चालवण्याची माहिती असलेले जवान तुकडीत निघाले. मग माणसांची साखळी करून बादल्यांनी बॉयलर भरला, सामान डब्यांत चढवलं आणि पूल उडवला जाण्याआधी गाडी पलीकडे काढली. भुसावळच्या जुन्या रेल्वेवाल्यांना हे वाचून अंगावर काटा येईल. थंड पडलेलं इंजिन बादल्यांनी पाणी भरून पेटवणं काय असतं ते त्यांनाच विचारा. पुढे २३ मार्च १९५१ ला मुनसान-नी इथे अमेरिकन पॅराट्रूपर्सच्या बरोबर रंगराज आणि त्यांचे काही साथीदार विमानातून उडी मारून शत्रूच्या मुलखात उतरले आणि उतरल्या जागी शस्त्रक्रियेचं टेबल मांडलं. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं.

त्या मानाने कालचीच म्हणावी अशी गोष्ट. २६ फेब्रुवारी २०१०, काबूल. भारतीय वैद्यकीय पथक राहत होतं त्या गेस्ट हाऊसवर पहाटे हल्ला झाला. आर्मी मेडिकल कोअरचे मेजर लैश्राम ज्योतिन सिंग, मूळचे मणिपूरचे, त्या वेळी निःशस्त्र होते. सहकारी जिथे अडकले होते तिकडे येणाऱ्या हल्लेखोराला त्यांनी नुसत्या हातांनी मिठीत आवळलं आणि सोडलं नाही. हल्लेखोराने अंगावरचा स्फोटकांचा पट्टा उडवला. मेजर गेले, सहकारी वाचले. २०११ च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर अशोक चक्र देण्यात आलं.

तुमच्या बहुतेक हॉलमध्ये परमवीर चक्र विजेत्यांचे २१ फोटो लावलेले असतात. त्यांत मेडिकल कोअरचा एकही नाही. त्या २१ जणांपुढे मी डोकं टेकते आणि त्या यादीविषयी माझी तक्रार नाही. पण पोरगं त्या भिंतीकडे बघून शौर्य म्हणजे काय ते ठरवतं, आणि त्याला तिथे जखम बांधणारा कोणी दिसत नाही. त्याच भिंतीवर सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे आहेत. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरीच्या वाटेवर, तोफगोळे आणि मशीनगनचा मारा अंगावर घेत, ते सुरुंग काढत आणि अडथळे फोडत राहिले, म्हणून आपले रणगाडे पुढे जाऊ शकले. त्यांचं परमवीर चक्र हातातल्या कामासाठी आहे, मारलेल्या शत्रूंच्या संख्येसाठी नाही. ही गोष्ट पोरांना राण्यांच्या फोटोपाशी उभं करून सांगा. आणि शेजारी दोन फ्रेमा वाढवा, रंगराज यांची आणि मेजर ज्योतिन सिंग यांची. खर्च फारसा नाही, मी द्यायला तयार आहे.

माझी मुख्य विनंती मात्र फोटोंची नाही. बारावीला जीवशास्त्र असलेलं पोरगं तुमच्याकडे आलं, की त्याला फॉर्म भरताना एकदा तरी नीट सांगा की नर्सिंग असिस्टंटची जागा पलटणीबरोबर पुढे जाणाऱ्याची आहे. त्यासाठी धावणं तेवढंच लागतं आणि अभ्यास जास्त. लखनौच्या आर्मी मेडिकल कोअर सेंटरला त्याला सैनिक म्हणून आधी घडवतात. मुलींसाठी बीएस्सी नर्सिंगमधून मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसची अधिकारपदाची वाट आहे. खेड्यातल्या किती हुशार मुलींना ती वाट आहे हेच माहीत नसतं, आणि कळतं तेव्हा वय निघून गेलेलं असतं. याचं मला फार वाईट वाटतं.

आणि दुसरं, रक्तस्राव थांबवणं प्रत्येक पोराला शिकवा. भरती झालेल्याला आणि न झालेल्यालाही. तुमच्याकडे येणाऱ्या सगळ्यांनाच वर्दी मिळत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असेल? जे परत शेतात, दुकानात, ट्रकच्या स्टिअरिंगवर जातात त्यांच्या हातात तरी हे कसब राहू द्या. सुरत-नागपूर महामार्ग आपल्या अंगणातून जातो, मुंबई-आग्रा रस्ता धुळ्या-शिरपुरातून. रोज पहाटे तुमची पोरं याच रस्त्यांच्या कडेने धावतात आणि अपघाताच्या जागी कितीदा तरी तीच सर्वांत आधी पोचतात. १०८ ची गाडी येईपर्यंतची मिनिटं त्यांच्या हातात असतात. आज ती मिनिटं मोबाईल उंच धरून शूटिंग करण्यात जातात, कारण करायचं काय हे कोणी शिकवलेलंच नाही. शिकवायला फार नाही : जखमेवर स्वच्छ कापड ठेवून सगळा भार टाकून दाबायचं आणि पुन्हा पुन्हा उचलून बघायचं नाही. हातापायातून रक्त उसळतच राहिलं तर जखमेच्या दोन-तीन बोटं वर, सांध्यावर नाही, रुंद पट्टी बांधून काठीने पिळायची आणि वेळ लिहून ठेवायची. जांघेत किंवा काखेत पट्टी बसत नाही, तिथे जखमेतच कापड ठासून भरायचं आणि दाबून धरायचं. मदत करणाऱ्याला पोलिसांचा त्रास होईल ही भीतीही काढून टाका, २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने त्याला संरक्षण दिलं आहे.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण जीवशास्त्राची शिक्षिका म्हणून ती न सांगता पुढे जाणं मला जमणार नाही. हे आवळणं सापाच्या दंशाला करायचं नाही. आपल्याकडे शेतात साप चावला की आधी सुतळी करकचून बांधतात. त्याने पाय सडतो आणि विषाचं काही बिघडत नाही. दंश झालेला अवयव हलू न देता सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. पोरांना पट्टा शिकवाल तेव्हा हा फरक त्याच दिवशी शिकवा.

वरणगावच्या फॅक्टरीत आपल्या सैन्यासाठी काडतुसं बनतात. खान्देशातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. जिथे गोळी घडते त्या मुलखातल्या पोराला गोळीची जखम बांधताही यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. ते येण्यासाठी सरकारी आदेशाची वाट बघायची गरज नाही. तुमच्याकडे मैदान आहे, शिस्त आहे, आणि तुमच्या एका शब्दावर पहाटे चारला उठणारी शेकडो पोरं आहेत.

पावसाळ्यात मैदानावर चिखल होतो आणि धावण्याचे तास हॉलमध्ये जातात. त्यातला एक रविवार मला द्या. मी यायला तयार आहे, आणि माझा विद्यार्थी सुट्टीवर असला तर तोही येईल असं त्याने कळवलं आहे. पट्टे, गॉज, सरावाचं सामान आम्ही आणू, तुमच्याकडून फी नको आणि सत्कारही नको. फक्त सायन्सची चार पोरं बाजूला काढून आमच्यासमोर बसवू नका. सगळ्यांना बसवा, आणि जीडीच्या पोरांना पुढच्या रांगेत, कारण चकमकीत मेडिक पोचेपर्यंत आपला पट्टा त्यांनाच बांधायचा आहे.

आपली नम्र,
जीवशास्त्राची एक शिक्षिका,
अमळनेर तालुका, जि. जळगाव